कागदांची इर्जिक

रेश्माचा पाय मुरगळला तो गोजराबाईच्या खाचराच्या बांधावर, आणि देवाची कृपा म्हणायची की मुरगळला. नाहीतर पोरगी आपले फॉर्म भरून, बॅग उचलून ग्लासगोला निघून गेली असती, आणि आपला प्रबंध खोट्यानं काठोकाठ भरलाय हे तिला जन्मात कळलं नसतं.

रेश्मा रिहे गावाची. घरची भातशेती, चार खाचरं, दोन गाई. वय सव्वीस. पुण्यात शिकली, तीन वर्षं नोकरी केली आणि मग शिष्यवृत्ती मिळवून थेट स्कॉटलंडात गेली. तिथं ती नेमकं काय शिकते हे गावाला सांगता सांगता तिच्या आईची दमछाक व्हायची. डॉक्टर म्हणावं तर डॉक्टर नाही, कंप्युटर म्हणावं तर तेही नाही. विषय सार्वजनिक धोरणाचा. सरकार किंवा एखादी संस्था लोकांसाठी योजना काढते, फीत कापते, फोटो छापते. पण त्या योजनेनं लोकांचं खरोखर काही भलं झालं का, आणि योजना आलीच नसती तर काय झालं असतं, हे पुराव्यानिशी तपासायचं. आईनं आपल्या परीनं याचा सोपा अर्थ लावला होता. कुणी विचारलं की ती सांगायची, "आमची रेश्मा दुसऱ्याच्या कामातल्या खोड्या काढायचं शिकतीया. लई अवघड आस्तंय म्हनं."

तर प्रबंधासाठी रेश्मानं आपल्याच खोऱ्यातली योजना निवडली. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं रिह्यात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर एकशेवीस निर्धूर चुली वाटल्या होत्या. लोखंडी चूल, गुडघ्याएवढी, मागं धुराडं. घरात धूर नको, बायकांचा खोकला थांबावा, हा हेतू. हेतू सोन्यासारखा. आता तशाच दोन हजार चुली घोटावड्याकडच्या आणि पलीकडच्या गावांत वाटायचं ठरत होतं, आणि त्याआधी संस्थेला रेश्माचा अहवाल हवा होता. लोक या चुली वापरतात का? धूर कमी झाला का? घरोघर जाऊन सव्वीस प्रश्न विचारायचे, ऑगस्टअखेर प्रबंध द्यायचा. शिष्यवृत्तीची मुदतही तेव्हाच संपत होती, त्यामुळं उशिराचं नावच नको.

एकशेवीस घरांतलं एक घर रेश्माचं स्वतःचं. आपल्या आईची मुलाखत आपण घ्यायची नाही, ती मोजायची नाही, असा नियम. आईला हे पटलं नव्हतं. "समद्या गावाचं ऐकनार, आन मी काय चोर हाय व्हय?" असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. रेश्मा हसून पुढं गेली. राहिली एकशेएकोणीस.

पहिल्या पाच आठवड्यांत एक्कावन्न घरं झाली आणि काम कसं झकास चाललं होतं! सेहेचाळीस घरांनी सांगितलं, नवी चूल रोज वापरतो, धूर नाही, खोकला नाही, काही काही नाही. रेश्माला आनंदानं भरून यायचं. खुद्द तिच्या घरी आई रोज सकाळ-संध्याकाळ त्याच लोखंडी चुलीवर स्वयंपाक करत होती. एवढंच की आईची तांदळाची भाकरी आता पूर्वीसारखी होत नव्हती. मध्ये करपायची, कडा पांढऱ्या, कच्च्या राहायच्या, आणि फुगायची तर नाहीच. तिकडं थंडीत खोलीवर बसून या भाकरीची आठवण काढून रेश्मा रडली होती. आता ती समोर आली तर ही अशी. आईचे हात थकले, असं मनाशी म्हणून ती मुकाट्यानं खायची. आईला कशाला बोलून दाखवायचं?

आता इर्जिकीचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळंच. ज्याचं काम अडलंय त्याच्या शेतात सगळ्यांनी मिळून उतरायचं आणि एका दिवसात ते उरकून द्यायचं, ही इर्जिक. मजुरी नाही, कुणी कुणाचे आभारही मानत नाही. ज्याचं काम त्यानं पोटभर जेवू घालायचं आणि पुढं दुसऱ्याच्या इर्जिकीला हजर राहायचं. रेश्माच्या घरच्या लावणीला गाव कितीदा असं उतरलं होतं. कॉलेजात गेल्यापासून तिचे पाय चिखलाला लागलेच नव्हते. कधी परीक्षा, कधी नोकरी, कधी व्हिसाचे हेलपाटे. लावणीच्या ओळीत तिची जागा मात्र कधी रिकामी राहिली नाही. दर वर्षी कुणीतरी तिच्या जागी वाकलं होतं, आणि बहुतेक वेळा ती गोजराबाई होती. शेजारची, साठी ओलांडलेली, जिभेनं तिखट आणि मनानं लोण्याची.

म्हणून त्या सोमवारी गोजराबाईच्या खाचरात इर्जिक आहे म्हटल्यावर रेश्मानं फॉर्म बाजूला ठेवले आणि पदर खोचून चिखलात उतरली. अकरापर्यंत ओळ धरून लावलंही चांगलं. बायका चिडवत होत्या, "तितं हेच शिकवत्यात का गं?" आणि ती खदखदून हसत बांधावर चढायला गेली, पाय सटकला, घोटा वळला. झालं! पोरगी मटकन खाली बसली ती उठेचना.

"माझ्या खाचरात पडली गं लेकरू!" म्हणून गोजराबाईनं जो गळा काढला, तो रेश्माचा पाय तुटला असता तरी जरा जास्तच झाला असता.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी, म्हणजे नानांनी, तिला पिरंगुटला दवाखान्यात नेऊन पायाचा फोटो काढून आणला. हाड शाबूत होतं, पण डॉक्टरनं सांगितलं, आठ-दहा दिवस हा पाय जमिनीला लावायचा नाही. विमान होतं पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी. अडुसष्ट घरं बाकी होती. परतीच्या वाटेवर रेश्मा गाडीच्या काचेतून बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. नानांनी दोनदा विचारलं, "लई ठनकतंय का?" ती म्हणाली, "पाय न्हाई ठनकत, नाना."

घरी आली तर ओट्यावर हैबतरावतात्या बसलेले. तात्या म्हणजे तिचे थोरले चुलते, एके काळचे सरपंच. सरपंचकी जाऊन पंधरा वर्षं झाली तरी आवाज तोच. त्यांच्या पायाशी युरियाची धुतलेली गोणी होती.

"घे," तात्या म्हणाले. "अडुसष्ट. एक बी ऱ्हायला न्हाई."

गोणीत तिचे फॉर्म होते. भरलेले.

झालं होतं असं की सोमवारी संध्याकाळी गोजराबाई रडत तात्यांकडं गेली आणि तात्यांनी देवळाचा भोंगा लावला. "आपल्या रेश्माचं काम आडलंय. भाताचं न्हाई, कागदाचं हाय. पन आडलं म्हंजे आडलं! उद्या सकाळी शाळंच्या पडवीत इर्जिक. ज्याला लिवता येतंय त्यानं पेन घिऊन यावं, ज्याला येत न्हाई त्यानं अंगठा घिऊन यावं." आणि भर लावणीच्या दिवसांत, चिखलाचे हात धुऊन, अडुसष्ट घरची माणसं आली. फॉर्मांचा गठ्ठा कपाटातून काढून दिला तो आईनं. तिघी पोरींनी लिहायचं काम केलं आणि दुपारच्या आत सगळं उरकलं. लावणीसारखंच, एका सपाट्यात.

एवढी माणसं तिच्यासाठी थांबली? तिनं तात्यांचा हात धरला आणि गोणी मांडीवर घेऊन फॉर्म वाचायला लागली.

पहिला: नवी चूल वापरता का? हो, रोज. दुसरा: हो, रोज. तिसरा, चौथा, दहावा. धूर? नाही. खोकला? पूर्ण थांबला. पंचविसावा फॉर्म गोजराबाईचा: खोकला दोन वर्षांपूर्वीच गेला. आणि त्याच वेळी कुंपणापलीकडं गोजराबाई अशी खोकत होती की गोठ्यातल्या गाईनं मान वर करून बघितलं. पुढचा बहिरूचा. बहिरू एकटा गडी, आई गेल्यापासून बहिणीकडं जेवतो. त्याच्या फॉर्मवर लिहिलं होतं, नव्या चुलीवर दिवसातून तीन वेळा स्वयंपाक करतो.

"तात्या," रेश्मा हळूच म्हणाली, "समद्यांनी व्हयच कसं लिवलं?"

"मग? न्हाई लिवून तुला नापास करायची व्हय?"

"मला नापास?"

"तूच म्हनली व्हतीस की. पारावर, पयल्या दिवशी. ही माजी परीक्षा हाय म्हनून."

म्हणाली होती खरी. प्रबंध म्हणजे काय ते सांगताना शब्द सापडेना, तेव्हा ती म्हणून गेली होती, परीक्षाच समजा. रेश्मानं हातातला फॉर्म खाली ठेवला. "आन आदीची एक्कावन्न घरं, तात्या?"

"त्यांना म्या त्याच दिवशी सांगून ठिवलं व्हतं," तात्या अभिमानानं म्हणाले. "तरी बी पाच जनांनी घोटाळा केलाच. त्यांना मागनं झापलं चांगलं."

म्हणजे एकशेएकोणिसातली खरी घरं फक्त पाच, आणि त्यांनाही झापलेलं. बाकी सगळं गावाचं प्रेम होतं, आणि त्या प्रेमाचं करायचं काय हे ग्लासगोच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, तिनं आपल्या प्राध्यापक फिओना मॅडमना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, रेश्मा. पण यातला एकही कागद तुला वापरता येणार नाही. किती दिवस आहेत?"

"नऊ."

"मग नऊ दिवसांत खरं काय ते मिळव. आणि तू त्यांना काय सांगितलं होतंस, तुझी चूक काय झाली, तेही प्रबंधात लिही. मी पाठीशी आहे."

मॅडमचं सांगणं सोपं होतं. इर्जिकीच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. रोप वाकडं लागलं, ओळ चुकली, तरी मालक ब्र काढत नाही; दुसऱ्या दिवशी कुणाला न दिसता सरळ करून घेतो. आणि इथं रेश्माला सगळ्या गावासमोर उभं राहून म्हणायचं होतं की तुम्ही लावलेलं शेत मी उपटतेय, पुन्हा या. तेही लावणीच्या ऐन घाईत. पण नाही म्हणावं तर पलीकडच्या दोन हजार घरांत तिच्या सहीनं त्याच चुली गेल्या असत्या.

संध्याकाळी इर्जिकीचं जेवण होतं. आखाड चालू होता, तेव्हा बेत मटणाचाच. शाळेच्या पडवीत नानांनी मोठं पातेलं चढवलं आणि रिवाजाप्रमाणं भाकऱ्या घराघरातून आल्या, फडक्यात बांधून. मोठ्या दोन टोपल्या भरल्या. टम्म फुगलेल्या, खरपूस पापुद्र्याच्या भाकऱ्या, आणि पडवीभर त्यांचा वास.

लोक पानावर बसले आणि रेश्मा नानांच्या काठीवर भार देऊन एका पायावर उभी राहिली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "वाईट वाटलं तर मागनं शिव्या द्या, पन आदी ऐका."

तिनं सुरुवात केली ती स्वतःपासून. "तितं गेल्यावर मी पयल्याच पेपरात नापास झाले व्हते. हे आईला बी ठाव न्हाई." आईच्या हातातला रश्श्याचा डाव तसाच थांबला. "संख्याशास्त्राचा पेपर. मॅडम वर्गात विचारायच्या, समजलं का? आन मी मान डोलवायची. व्हय, समजलं. वाटायचं, न्हाई म्हनलं तर म्हनतील, कुटनं आली ही खेड्यातली. माझ्या व्हय म्हनन्यानं त्यांना कळलंच न्हाई की मला काय येत न्हाई. नापास झाल्यावर मी पयल्यांदा जाऊन सांगितलं, मला कायबी समजलं न्हाई. त्यांनी समदं पुन्यांदा शिकवलं. तवा पास झाले."

रेश्मानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तुमी माझ्यासाठी कायम वाकलात. माझ्या बारावीला, माझ्या पुण्याच्या परीक्षांना, व्हिसाच्या टायमाला. ओळीत माझी जागा तुमी कवाच रिकामी ठिवली न्हाई. तितं आमाला शिकवत्यात, एखादी गोष्ट नसती तर काय झालं असतं त्ये शोधा. मी लई वेळा शोधलं. तुमी नसता तर मी तितं नसते, हितंच उत्तर संपतंय. त्याचं मी काय करू? कुटल्या तोंडानं बोलू? पन काल तुमी लिवलेलं समदं खोटं हाय, आन खोट्यावर मी पास झाले तर पल्याडच्या दोन हजार बायकांच्या घरात ह्याच चुली जानार."

"म्हंजे आमची इर्जिक वाया?" तात्या गरजले. चेहरा लाल झाला होता, आणि खरं तर रागापेक्षा त्यांना लागलं होतं जास्त.

रेश्माचा धीर सुटत होता. तिनं वाकून टोपलीतली एक भाकरी उचलली, फुगलेली, खरपूस. "ही कुनाची?"

"माजी," एक बाई म्हणाली.

"कुटल्या चुलीवर केली?"

ती बाई खाली बघायला लागली. शेजारची पदराआड हसली. मग गोजराबाईला खोकल्याची उबळ आली, ती खोकता खोकता हसायला लागली आणि हसता हसता ओरडली, "अगं बये, तुज्या त्या चुलीत माजी कोंबडी खुडूक बसलीया! आट अंडी हायेत तिच्याखाली. तिला उठवू का आता?"

पडवी अशी हसली की पातेल्याजवळचं कुत्रं पळालं. आणि मग काय, बांध फुटला! तोंड एवढुसं, अंगठ्याएवढी लाकडं फोडून कोण देणार? आमचे गडी? नाव नको. भाकरी निखाऱ्यापुढं टेकवायला जागाच न्हाई, मग फुगंल कशी? आन कालवण कुटं ठिवायचं? आपल्या चुलीला शेजारी वैल आस्तोय, भाकरी होस्तवर कालवण आपलं वैलावर शिजतंय. ह्या चुलीला एकच भोक. धुराड्यानं आमचा पत्रा तापतोय. आमची आंघुळीच्या पान्याला बरी पडती हां, खोटं कशाला बोला. धूर नको तर आमाला बी हाय, पन जेवायचं का न्हाई? गोजराबाईनं तर राखेत बोटानं चूल कशी हवी ते काढूनही दाखवलं. धुराडं ठिवा, तोंड रुंद करा, वैल जोडा.

मध्येच तिनं टोपलीतून तीन-चार भाकऱ्या वेगळ्या काढल्या. मध्ये करपलेल्या, कडा पांढऱ्या. "ह्या कुनाच्या गं? ह्या मातर त्याच चुलीवरच्या दिसत्यात." रेश्माची आई पाठ फिरवून रस्सा वाढत पुढच्या पंगतीकडं गेली, आणि बोलण्याच्या नादात ते राहून गेलं.

तात्या मात्र अजून फुरंगटूनच होते. रेश्मा लंगडत त्यांच्याजवळ जाऊन बसली. "वाया न्हाई गेली, तात्या. तुमी समदी आलात, तेवढं मला जन्माला पुरंल."

तात्यांनी हाडूक बाजूला ठेवलं, पाणी प्यायले, मिशी पुसली. "सकाळी सातला पिकअप काढतो," ते म्हणाले. "खुर्ची टाकतो मागं. पन आता विचारायचं तूच. आमी ध्यान घालनार न्हाई."

आणि खरोखर नाही घातलं. आठ दिवस तात्यांनी रेश्माला खुर्चीसकट खोऱ्यात फिरवलं. माणसं घरात नव्हतीच, सगळी लावणीला. मग रेश्मा बांधावर छत्रीखाली बसायची, फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि बायका ओळीत वाकून रोप लावता लावता उत्तरं द्यायच्या. तात्या गाडी शंभर पावलांवर उभी करून पाठमोरे बसायचे, आपला धाक नको म्हणून. हात कामात असले की माणूस खोटं बोलायच्या भानगडीत पडत नाही, हे रेश्माला त्या आठ दिवसांत कळलं. एकशेएकोणिसात बावीस घरं नवी चूल वापरत होती, त्यातलीही बरीचशी आंघोळीच्या पाण्याला. बहिरूनं तर आपण होऊन सांगितलं की त्यानं ती चूल बहिणीला दिली आणि बहिणीनं तिच्यात तुळस लावली.

गुरुवारी दुपारी शेवटचं घर झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. संध्याकाळी रेश्मा पलंगावर पाय पसरून गठ्ठा बांधत होती, तोच आई दारात येऊन उभी राहिली.

"समदं झालं?"

"झालं, आई."

"माजं ऱ्हायलं."

"तुजं घ्यायचं नसतंय गं. मोजत न्हाईत ते. सांगितलं व्हतं ना?"

"नका मोजू," आई म्हणाली. "पन खरं काय ते सांगायचा मला बी हक हाय का न्हाई? समद्या गावानं सांगितलं. मीच तेवढी ऱ्हायले." तिनं रेश्माची काठी उचलून पुढं केली. "चल माज्यासंगट."

रेश्मा काठी टेकत मागोमाग गेली. आई गोठ्याच्या मागच्या पडवीत गेली, कोपऱ्यातली दोन पोती बाजूला केली. खाली आईची जुनी मातीची चूल होती. शेजारी वैल, कडेनं मातीच्या पोतेऱ्याचे पट्टे. रेश्मानं जन्मापासून पाहिलेली.

"तू यायच्या आदल्या दिशी मी आन नानांनी उचलून हितं आनून ठिवली," आई म्हणाली. "म्हनलं, पोरगी त्याच चुलीवर शिकतीया, आन तिच्याच घरात जुनी चूल दिसली तर तिकडं काय तोंड दावंल? दोन वरसं ती लोखंडी चूल मी पेटवली बी नव्हती. तू आल्यापास्नं पेटवती. सहा आठवडं तुला कच्च्या कडांची भाकरी घातली गं. सातासमुद्रापल्याडनं आलेलं लेकरू, आन पानावर असली भाकरी! रोज जीव तुटायचा माजा. त्या दिशी टोपलीत गोजराबाईनं काडल्या त्या बी माज्याच."

रेश्मानं वैलावरून हात फिरवला. सव्वीस प्रश्न घेऊन सगळं खोरं पालथं घातलं, आणि पुरावा दोन वेळा तिच्याच ताटात वाढलेला होता. "मला वाटलं, तुजे हात थकले," ती कशीबशी म्हणाली.

"हात थकायला काय झालं माज्या!" आई एकदम फणकारली. "बस तितं."

तिनं शेणीचा तुकडा मोडला, काटक्या रचल्या, फुंकणी मारली. पडवीभर धूर झाला. दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि कुणाच्या कशामुळं हे कुणी विचारलं नाही. आईनं परातीत उकड मळली, हातावर भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग निखारे पुढं ओढून भाकरी त्यांच्यापुढं तिरकी टेकवली. रेश्मानं पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि मांडीवर धरला.

"नाव?"

"तुला ठाव न्हाई व्हय?"

"आई, नीट सांग. नवी निर्धूर चूल रोज वापरता का?"

आईनं पदर सारखा केला, ताठ बसली. गेले सहा आठवडे जो शब्द तिनं दातांखाली दाबून धरला होता तो तिनं सगळं बळ एकवटून उच्चारला.

"न्हाई."

रेश्मानं 'नाही'च्या चौकोनात खूण केली. हा कागद कुठल्याही तक्त्यात जाणार नव्हता, कुठल्या टक्केवारीत बसणार नव्हता. तिनं तो घडी घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.

"आता तरी नापास न्हाई ना करनार तुला?" आईनं काळजीनं विचारलं.

निखाऱ्यांपुढं भाकरी टम्म फुगली होती. रेश्मानं फक्त ताट पुढं केलं.